साठवणीवरील भाराची पारख

जुन्या मराठी घरांत धान्य साठवण्याच्या अनेक तऱ्हा होत्या. वर्षाचे धान्य जमिनीत खणलेल्या पेवात भरून पेवाचे तोंड लिंपून टाकीत. महिन्या-दोन महिन्यांचे धान्य शेणामातीने सारवलेल्या कणगीत असे आणि रोजचे तांदूळ व डाळ स्वयंपाकघरातील डब्यांत असत. पेव सर्वांत मोठे, म्हणून तेच सर्वांत चांगले, असे कोणत्याही गृहिणीने मानले नाही. कारण दोन वेळच्या भातासाठी रोज पेव उकरणे कोणालाच परवडले नसते. साठवण कोणत्या प्रकारची असावी, हे साठवलेली वस्तू केव्हा, किती आणि किती घाईने लागणार यावरून ठरत असे.

संगणकाच्या क्षेत्रात शिरताना मात्र हे व्यवहारज्ञान पुष्कळदा उंबऱ्याबाहेरच राहते. नवी यंत्रणा घ्यावयाची ठरली की पहिला प्रश्न येतो तो 'किती टेराबाइट?' हा. हा प्रश्न चुकीचा नव्हे. पण तो पहिला खासच नव्हे. आणि आज पुणे, नागपूर, हैदराबाद, बंगळूर अशा अनेक शहरांतून जे मराठी तरुण माहिती-तंत्रज्ञानाच्या प्रमाणपत्र-परीक्षांना बसतात, त्यांची अडचण बहुधा याच ठिकाणी होते. त्यांना साठवणीच्या साधनांची नावे पाठ असतात, क्षमतेचे आकडेही पाठ असतात; परंतु प्रश्नपत्रिका विचारते ते निराळेच. ती एखाद्या संस्थेच्या कामाचे वर्णन करते आणि त्या कामाला कोणती साठवण शोभेल, असे विचारते. त्या कामाचा साठवणीवर जो बोजा पडतो, त्याला या शास्त्रात 'वर्कलोड' म्हणतात. मराठीत त्याला कार्यभार म्हणावे, किंवा नुसते भार म्हटले तरी चालेल. या भाराची पारख हाच अशा परीक्षेतील साठवणविषयक प्रश्नांचा गाभा होय.

ही पारख म्हणजे काय, हे समजण्यासाठी प्रथम साठवणीच्या साधनाकडे पाहिले पाहिजे. १९५६ साली आयबीएम या कंपनीने रॅमॅक नावाचा संगणक बाजारात आणला. त्याला जोडलेली डिस्क ही जगातील पहिली विक्रीस आलेली चुंबकीय डिस्क होय. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. हवी ती नोंद शोधून काढावयास तिला सरासरी सहा-दशांश सेकंद लागे. आज २० टेराबाइटची डिस्क तळहातावर मावते. म्हणजे क्षमता सुमारे ५० लाख पटींनी वाढली. परंतु तबकडी फिरावयाची आणि वाचणारा दांडा सरकावयाचा, ही रचना तशीच राहिली. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या आजच्या डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांत पुरी होते. हवी ती जागा दांड्याखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद लागतात; आणि दांडा योग्य वर्तुळावर सरकण्यास सुमारे आठ मिलिसेकंद. एकंदर हिशेब बारा मिलिसेकंदांच्या आसपास जातो. क्षमता ५० लाख पट वाढली, तेथे चपळाई वाढली ती अवघी ५० पट! नुसत्या क्षमतेवरून साठवणीची किंमत करणारा माणूस फसतो, त्याचे मूळ या विषमतेत आहे.

आता याच डिस्कला दोन प्रकारची कामे सांगून पाहावीत. एका गिगाबाइटची माहिती ओळीने वाचावयास सांगितली, तर दांडा एकदा जागेवर जातो आणि मग तबकडी फिरेल तशी माहिती ओघाने येत राहते. सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने हे काम पाच सेकंदांत संपते. आता तितकीच माहिती चार-चार किलोबाइटच्या तुकड्यांनी, कोठलाही तुकडा केव्हाही, अशा विस्कळीत क्रमाने मागितली, तर प्रत्येक तुकड्यासाठी दांड्याला हलावे लागते. सेकंदाला सुमारे ८० तुकडे या गतीने अडीच लाख तुकडे वाचण्यास बावन्न मिनिटे लागतात. डिस्क तीच आणि माहितीही तितकीच. बदलली ती केवळ मागण्याची रीत. बाजारसमितीच्या आवारात एकाच मालाची गाडी रिकामी करणे आणि वाण्याच्या दुकानात पन्नास गिऱ्हाइकांना पन्नास फळ्यांवरून पावशेर-पावशेर जिन्नस काढून देणे, यांतील भेद तो हाच.

या उदाहरणातून भार मोजण्याची तीन मापे आपोआप हाती येतात. एका मागणीला उत्तर मिळण्यास लागणारा काळ म्हणजे विलंब. सेकंदाला किती मागण्या पुऱ्या होतात ती क्रियासंख्या. हिलाच परीक्षेच्या परिभाषेत आयऑप्स म्हणतात. आणि सेकंदाला एकंदर किती माहिती वाहून येते तो ओघ. विद्यार्थी ही तिन्ही मापे एकमेकांच्या जागी वापरतात आणि गुण गमावतात. वास्तविक ती एकमेकांशी बांधलेली आहेत. क्रियासंख्येला प्रत्येक मागणीच्या आकाराने गुणले की ओघ मिळतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीचा 'जीपी३' नावाचा साठवण-प्रकार आहे. त्याच्यात मुळातच सेकंदाला ३००० क्रिया आणि १२५ मेबिबाइटचा ओघ मिळतो. अधिक हवे असल्यास अधिक पैसे मोजावे लागतात. एखादा डेटाबेस १६ किलोबाइटच्या मागण्या करीत असेल, तर ३००० क्रियांत जेमतेम ४८ मेगाबाइट वाहतात. म्हणजे ओघाची मर्यादा दूर असतानाच क्रियासंख्येची मर्यादा आडवी येते. उलट, मागण्या २५६ किबिबाइटच्या असतील तर अवघ्या ५०० क्रियांत १२५ मेबिबाइटचा ओघ भरून जातो आणि २५०० क्रिया शिल्लक असूनही उपयोगाच्या राहत नाहीत. कोणती मर्यादा आधी आडवी येणार, हे साधनाच्या माहितीपत्रकावरून कळत नाही. ते भाराच्या स्वभावावरून कळते.

म्हणून भाराची ओळख करून घेताना पाच गोष्टी विचाराव्यात. वाचन अधिक की लेखन? मागण्या क्रमवार की विस्कळीत? प्रत्येक मागणीचा आकार केवढा? विलंब किती सोसवेल? आणि एकाच वेळी मागणारे किती, व त्यांची गर्दी केव्हा उसळते? या पाच प्रश्नांची उत्तरे लिहिली की पुष्कळशा भारांची जात आपोआप उघड होते.

पहिली जात व्यवहारनोंदींची. रेल्वेचे आरक्षण हे तिचे भारतात सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. दिल्लीत १९८५ साली रेल्वेने संगणकावरील आरक्षणाचा प्रारंभ केला. पुढे ही व्यवस्था देशभर पसरली आणि घरबसल्या तिकीट काढणेही शक्य झाले. अशा व्यवस्थेत प्रत्येक मागणी लहान असते: एक गाडी, एक तारीख, एक आसन. परंतु मागणारे असंख्य असतात आणि प्रत्येकाची नोंद निराळ्या ठिकाणी असते. म्हणून हा भार विस्कळीत, लहान तुकड्यांचा आणि वाचन-लेखन यांच्या मिश्रणाचा असतो. शिवाय लिहिलेली नोंद पक्की झाल्यावाचून प्रवाशाला 'तिकीट मिळाले' असे सांगता येत नाही. यासाठी डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका रोजकीर्दीत ओळीने लिहितो आणि मग सवडीने मूळ खात्यात उतरवतो. रोजकीर्द क्रमवार लिहिली जाते, खाते विस्कळीतपणे. एकाच कामात दोन जातींचे भार नांदतात. अनुभवी लोक जेव्हा रोजकीर्द व खाते वेगळ्या डिस्कांवर ठेवण्यास सांगतात, तेव्हा त्यामागे हेच कारण असते.

या जातीच्या भारात क्षमतेपेक्षा विलंब महत्त्वाचा. तत्काळ योजनेची खिडकी वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहाला आणि इतर वर्गांसाठी अकराला उघडते. त्या एका मिनिटात जी झुंबड उडते, ती दिवसाच्या सरासरीत दिसत नाही. सरासरीवर विसंबून बांधलेली यंत्रणा नेमक्या त्या मिनिटाला कोलमडते आणि आजारी नातेवाइकाकडे निघालेला माणूस ताटकळत राहतो. सरासरी हा हिशेबाचा सोयीचा आकडा असला, तरी माणसांच्या गरजा सरासरीने उद्भवत नाहीत.

व्यवहारनोंदींच्या या भाराला शास्त्रीय माप देण्याचे श्रेय मुख्यतः जिम ग्रे या अमेरिकन संशोधकाकडे जाते. बँकेच्या खात्यात पैसे जमा करणे व काढणे या साध्या व्यवहारावर आधारलेली कसोटी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडली. पुढे १९८८ साली ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग परफॉर्मन्स कौन्सिल ही संस्था स्थापन झाली आणि १९९२ साली तिने 'टीपीसी-सी' ही कसोटी प्रसिद्ध केली. याच संस्थेने १९९९ साली 'टीपीसी-एच' नावाची दुसरी कसोटी तयार केली. तिच्यात व्यवहारांच्या जागी मोठमोठ्या तपासण्यांचे २२ प्रश्न आहेत. एकाच संस्थेला दोन वेगळ्या कसोट्या कराव्या लागल्या, यातच या दोन भारांचा स्वभाव किती भिन्न आहे हे दिसून येते.

ही दुसरी जात विश्लेषणाची. समजा, आरक्षणाच्या त्याच नोंदींवरून असे विचारावयाचे आहे की गेल्या पाच वर्षांत दिवाळीच्या पंधरवड्यात कोणत्या मार्गांवर प्रतीक्षायादी सर्वाधिक लांबली? हा प्रश्न विचारणारा एखादाच अधिकारी असेल. पण उत्तरासाठी कोट्यवधी नोंदी आरंभापासून अखेरपर्यंत वाचाव्या लागतील. येथे लेखन नगण्य, वाचन प्रचंड आणि क्रमवार, मागण्या मोठ्या आकाराच्या. पहिल्या नोंदीला दहा मिलिसेकंद जास्त लागले तरी कोणाचे काही बिघडत नाही. ओघ मात्र भरपूर हवा. आणि हा प्रश्न भर दुपारी, आरक्षण चालू असतानाच, त्याच डिस्कवर टाकला, तर खिडकीसमोरची रांग वाढत जाते. दोष ना आरक्षणाचा, ना अधिकाऱ्याचा; दोन विजोड भार एका जोखडाला जुंपणाऱ्याचा. म्हणूनच विश्लेषणासाठी माहितीची वेगळी प्रत ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

तिसरी जात सामायिक फायलींची. एखाद्या कचेरीतील सर्व कर्मचारी एकाच ठिकाणी आपापली कागदपत्रे ठेवतात. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली आणलेल्या एनएफएस पद्धतीने अशी व्यवस्था सुलभ केली. येथे विद्यार्थ्याला चकविणारी गोष्ट अशी की पुष्कळ वेळा फाइल उघडण्यापेक्षा तिचे नाव, आकार, तारीख आणि मालकी पाहण्याचीच कामे अधिक असतात. लक्षावधी लहान फायली असलेल्या ठिकाणी डिस्कवर पडणारा बोजा मजकुराचा कमी आणि मजकुराविषयीच्या माहितीचा अधिक असतो. उलट छायाचित्रे, चित्रफिती, ध्वनिमुद्रणे यांसारखी एकदा लिहिली की सहसा न बदलणारी माहिती असेल, तर तिला फायलींची उतरंडही लागत नाही. प्रत्येक वस्तूला एक खूण द्यावी आणि त्या खुणेने ती संपूर्ण मागवावी, एवढे पुरे. या पद्धतीला ऑब्जेक्ट साठवण म्हणतात. ॲमेझॉनची 'एस३' ही सेवा २००६ साली याच तत्त्वावर सुरू झाली. तिच्यात साठलेल्या वस्तूच्या मधले चार शब्द बदलावयाचे तर सामान्यतः सबंध वस्तू नव्याने लिहावी लागते. म्हणून तिच्यावर चित्रपट ठेवावा, डेटाबेसचे धावते खाते ठेवू नये.

चौथी जात राखीव प्रतींची आणि कायमच्या संग्रहाची. रात्री सर्व माहितीची प्रत काढणे हे मोठ्या तुकड्यांचे, क्रमवार, लेखनप्रधान काम. त्याला चपळ साधन लागत नाही; टेपही उत्तम चालते. १९५२ साली आयबीएमने संगणकासाठी चुंबकीय टेप आणली, तेव्हापासून तिच्या मृत्यूची भाकिते पुष्कळ झाली; पण २०२१ साली आलेल्या एलटीओ-९ जातीच्या एका टेपवर १८ टेराबाइट मावतात आणि मोठमोठे संग्रह आजही तिच्यावर विसंबून आहेत. आकाशवाणीसारख्या संस्थेच्या संग्रहातील जुन्या गायनाचे मुद्रण वर्षानुवर्षे कोणी मागणार नाही. पण ज्या दिवशी मागितले जाईल त्या दिवशी ते असलेच पाहिजे. अशा माहितीसाठी 'एस३ ग्लेशियर डीप आर्काइव्ह' यासारख्या अत्यंत स्वस्त सेवा आहेत. तेथून वस्तू परत मिळण्यास नेहमीच्या पद्धतीने बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो आणि १८० दिवसांच्या आत ती काढून टाकली तरी आकार पूर्ण मुदतीचाच पडतो. हे दोन्ही आकडे परीक्षेत उपयोगी पडतात. पण त्यांचा अर्थ पेवाच्या अर्थाहून वेगळा नाही.

राखीव प्रतींच्या बाबतीत एक घोर प्रमाद पुष्कळांकडून होतो. प्रत किती वेळात निघते हे पाहिले जाते. ती परत किती वेळात उतरते हे पाहिले जात नाही. १० टेराबाइट माहिती सेकंदाला १०० मेगाबाइट या ओघाने परत आणावयाची, तर एक लाख सेकंद लागतात. म्हणजे जवळजवळ २८ तास. एखाद्या रुग्णालयाची यंत्रणा कोसळली आणि रुग्णांच्या तपासण्यांचे निष्कर्ष २८ तास दिसू शकले नाहीत, तर त्या प्रती असून नसल्यासारख्याच. किती वेळापर्यंतची माहिती गमावणे सोसवेल आणि किती वेळ काम बंद राहिलेले सोसवेल, ही दोन उत्तरे त्या संस्थेकडून आधी घ्यावी लागतात. परीक्षेत त्यांना आरपीओ आणि आरटीओ अशी आद्याक्षरी नावे आहेत. ती नावे पाठ होणे सोपे; २८ तासांचा हिशेब आधी करून ठेवणे ही खरी विद्या.

याशिवाय एक जात अशी आहे की जी स्वतः भार नसून भारांची खिचडी आहे. एका मोठ्या संगणकावर अनेक आभासी संगणक चालविले जातात, तेव्हा त्यांपैकी प्रत्येकजण आपली माहिती कदाचित ओळीने वाचीत असेल. पण दहाजणांच्या मागण्या एकाच डिस्कपाशी एकात एक मिसळून पोहोचल्या की डिस्कच्या दृष्टीने त्या विस्कळीतच होतात. ग्रंथालयात दहा वाचकांनी एकाच सेवकाकडून आळीपाळीने आपापल्या कोशाचा पुढला खंड मागवावा, तसे हे होते. प्रत्येक वाचक ओळीने जातो, सेवक मात्र दिवसभर कपाटांमधून धावत असतो. कचेरीतील शेकडो कर्मचाऱ्यांचे आभासी संगणक सकाळी कामाच्या वेळेला एकदम सुरू होतात, तेव्हा या खिचडीला उकळी फुटते. दिवसभर प्रामुख्याने लहानसहान लेखन, आणि त्या अर्ध्या तासात वाचनाचा महापूर, असा तो भार असतो.

भाराची जात कळली की साधनाची निवड करता येते. आणि निवड चुकली तर तिची किंमत आकड्यांत मोजता येते. अनेक डिस्का एकत्र जोडून त्यांतील एखादी बिघडली तरी माहिती टिकावी, अशी रेड नावाची पद्धत आहे; पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कली येथील तिघांनी १९८८ साली एका निबंधात तिची मांडणी केली. तिच्या पाचव्या प्रकारात, रेड-५ मध्ये, जागा वाचते. पण एक लहानसे लेखन करावयाचे तर जुनी माहिती वाचा, जुनी पडताळा-नोंद वाचा, मग नवी माहिती लिहा आणि नवी पडताळा-नोंद लिहा, अशा चार क्रिया होतात. जोडीने प्रत ठेवणाऱ्या रेड-१० मध्ये दोनच. आता सेकंदाला २००० क्रियांचा भार घ्यावा, त्यांत ७० टक्के वाचन. वाचनाच्या १४०० क्रिया दोन्हीकडे सारख्याच. लेखनाच्या ६०० क्रियांच्या रेड-५ मध्ये २४०० होतात आणि बेरीज ३८०० भरते; रेड-१० मध्ये १२०० होतात आणि बेरीज २६००. प्रत्येक डिस्क सेकंदाला १०० क्रिया करीत असेल, तर एकीकडे ३८ डिस्का लागतात आणि दुसरीकडे २६. जागा वाचविण्यासाठी निवडलेली पद्धत येथे डिस्कांच्या संख्येने महाग पडते. मात्र हाच भार जवळजवळ निव्वळ वाचनाचा असता, तर रेड-५ निवडण्यात शहाणपण ठरले असते.

एसएसडी आल्यापासून हा सारा विचार कालबाह्य झाला, असे कित्येकांना वाटते. तिच्यात फिरणारी तबकडी नाही, सरकणारा दांडा नाही. विस्कळीत वाचनाचा दंड पुष्कळच सौम्य झाला, हे खरे. परंतु ती ज्या नँड फ्लॅश स्मृतीवर आधारलेली आहे, तिच्यात लिहिलेल्या जागेवर परस्पर पुन्हा लिहिता येत नाही. आधी मोठा ठोकळा सबंध पुसावा लागतो. त्यामुळे लहान व विस्कळीत लेखनाचा मारा सतत होत राहिला की आतल्या आत माहितीची हलवाहलव वाढते, वेग घटतो आणि स्मृतीचे आयुष्य झिजते. तात्पर्य, साधन बदलले म्हणजे भाराचे परिणाम बदलतात. भार ओळखण्याची गरज नाहीशी होत नाही.

परीक्षेतील प्रश्न या ज्ञानाची कशी कसोटी घेतात, हे एका नमुन्यावरून पाहता येईल. एका कारखान्यातील यंत्रांच्या नोंदींचा प्रचंड साठा आहे. दररोज रात्री तो आरंभापासून अखेरपर्यंत वाचून गोषवारा काढला जातो. खर्च कमीत कमी हवा. येथे क्रमवार वाचन आणि काटकसर हे दोन शब्द निर्णायक आहेत. ॲमेझॉनच्या 'एसटी१' या, तबकडीच्या डिस्कांवर आधारलेल्या आणि ओघासाठी सजविलेल्या प्रकाराकडे ते बोट दाखवितात. आता त्याच प्रश्नात एकच वाक्य घालावे: दिवसा शेकडो कर्मचारी यांतील एकेक नोंद शोधून दुरुस्त करतात. साठा तेवढाच, कारखानाही तोच. पण उत्तर बदलले. आता एसएसडीवर आधारलेला प्रकार हवा. आणि त्या साधनावरूनच संगणक सुरू करावयाचा आहे, असे प्रश्नात म्हटले असते, तर 'एसटी१' मुळातच बाद झाला असता, कारण त्याला त्या कामाची परवानगी नाही. ॲमेझॉनच्या 'सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट' या परीक्षेत ६५ प्रश्नांना १३० मिनिटे मिळतात. प्रश्नामागे दोन मिनिटांत पर्यायांची नावे आठवीत बसण्यापेक्षा प्रश्नातील क्रियापदे आणि विशेषणे नीट वाचणे अधिक फलदायी ठरते.

या परीक्षांभोवती फुटकळ प्रश्नसंग्रहांचा मोठा बाजार वाढला आहे. मागच्या उमेदवारांनी आठवून सांगितलेले प्रश्न व उत्तरे घोकून परीक्षा देणे नियमबाह्य तर आहेच. पण त्याहून मोठे नुकसान घोकणाऱ्याचे स्वतःचे होते. नावे टिकत नाहीत. २०१४ साली 'जीपी२' हा प्रकार आला, २०२० साली 'जीपी३' आला, आणि सहा वर्षांपूर्वीचे पाठांतर निम्मे निकामी झाले. उलट, जिम ग्रे यांनी १९८५ साली वर्णिलेला बँकेचा व्यवहार आज मोबाइल फोनवरून होत असला, तरी त्याच्या भाराची लक्षणे ओळखू येण्याइतकी तीच आहेत: लहान, विस्कळीत, घाईचा आणि एकदा झाला की पुसता न येणारा.

खेड्यातून वा लहान शहरातून येऊन, कर्ज काढून शुल्क भरणाऱ्या मुलाला प्रमाणपत्र लवकर हवे असते, आणि त्यात वावगे काही नाही. पण प्रमाणपत्र मिळाल्यानंतर त्याच्यापुढे पर्यायांची यादी कोणी ठेवीत नाही. एक संस्था येते, तिची तक्रार असते की यंत्रणा फार मंद चालते, आणि कारण कोणालाच ठाऊक नसते. त्या वेळी नवी डिस्क मागविण्याच्या आधी त्याने भार मोजावा: वाचन किती, लेखन किती, मागण्यांचा आकार केवढा, गर्दी कोणत्या तासाला. लिनक्स प्रणालीतील 'आयओस्टॅट' सारखी साधी साधने हे आकडे विनामूल्य देतात. हे मोजमाप आठवडाभर तरी घ्यावे, आणि त्यात महिनाअखेरचा दिवस यावा. कारण पगारपत्रके, व्याजाचे हिशेब आणि अहवाल त्याच दिवशी एकत्र येतात, आणि यंत्रणेची खरी परीक्षा त्याच दिवशी होते.